वजाबाकीचे कापरेकर सर

झरीतल्या प्रत्येक घराला डहाणूला जाण्याचे काम कधी ना कधी पडतेच. कुणाला दवाखान्यात जायचे असते, कुणाला डहाणू रोड स्टेशनवर गाडी पकडायची असते, तर कुणाला बाजार करायचा असतो. चिकूच्या वाड्या, समुद्रकिनारा आणि वीजकेंद्राचे उंच धुराडे, एवढे डहाणू आपल्याला ठाऊक असते. पण जगभरातल्या गणिताच्या पुस्तकांत ज्यांचे नाव छापले जाते असे एक शिक्षक याच डहाणूत जन्मले, हे फार थोड्यांना माहीत आहे. त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. मला स्वतःलाही ते उशिरा कळले. बी.एड. होऊन वर्गात उभा राहिलो, तोवर मी त्यांचे नाव ऐकले नव्हते.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी झाला. तेव्हा डहाणू ठाणे जिल्ह्यात होते. पालघर हा वेगळा जिल्हा २०१४ साली झाला. दत्तात्रेय आठ वर्षांचा असताना त्याची आई वारली. वडिलांनी त्याला वाढवले. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष खरे की खोटे, हा प्रश्न आपण बाजूला ठेवू. पण पत्रिका मांडायची तर बेरजा, वजाबाक्या आणि भागाकार पुष्कळ करावे लागतात. वडिलांच्या संगतीत मुलाला आकडेमोडीची गोडी लागली. कुणाला पतंगाचा छंद असतो, कुणाला कबुतरांचा. या मुलाला आकड्यांचा लागला.

त्याचे माध्यमिक शिक्षण ठाण्याला झाले. शाळेत असताना तो गणिती कोडी सोडवण्यात तासन्तास घालवी. १९२३ साली तो पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेला. तेथे १९२७ साली त्याला रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले होते, आणि तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय होते. त्यांच्या नावाचे बक्षीस मिळालेला विद्यार्थी पुढे मोठा प्राध्यापक होईल, असे कुणालाही वाटले असते. तसे झाले नाही. १९२९ साली कापरेकर बी.एस्सी. झाले, १९३० साली नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिक्षक म्हणून लागले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच शिकवीत राहिले. पदवीनंतरचे शिक्षण त्यांनी घेतले नाही. त्यांच्याजवळ संशोधनाची खोली नव्हती, मार्गदर्शक नव्हता आणि मोठे ग्रंथालयही नव्हते. कागद, पेन्सिल आणि शाळेनंतर उरलेला वेळ, एवढेच भांडवल होते.

या भांडवलावर त्यांनी काय केले ते थोडक्यात सांगतो.

एखादी संख्या तिच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भागली गेली, तर त्यांना फार आनंद होई. अशा संख्यांना त्यांनी हर्षद म्हणजे आनंद देणाऱ्या संख्या असे नाव दिले. १२ ही हर्षद संख्या आहे, कारण १ आणि २ मिळून ३, आणि ३ ने १२ ला पूर्ण भाग जातो. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घ्या. त्यातल्या अंकांची बेरीज १५. पंधराने १९०५ ला भागा, उत्तर बरोबर १२७ येते. म्हणजे त्यांचे जन्मवर्षही हर्षदच निघाले! दुसरा एक प्रकार पाहा. २१ या संख्येत तिचेच अंक मिळवले की २४ मिळतात. म्हणून २१ ही २४ ची जननी. पण २० ला अशी जननी शोधून सापडत नाही. अशा पोरक्या संख्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटले आणि आपल्या गावाच्या प्रेमाने त्यांना देवळाली संख्या असेही नाव दिले. संख्यांचा आणखी एक प्रकार त्यांना डेमलो नावाच्या रेल्वे स्टेशनवर सुचला, तर त्या संख्या डेमलो झाल्या. ४५ चा वर्ग २०२५ होतो, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. या तऱ्हेच्या संख्यांना आज जगात कापरेकर संख्या म्हणतात.

पण त्यांचे नाव सर्वांत जास्त गाजले ते एका वजाबाकीमुळे. ही गोष्ट १९४९ सालची. विद्यार्थी मित्रांनो, वही उघडा आणि माझ्याबरोबर करून पाहा, नुसते वाचून त्यातली गंमत कळणार नाही.

चार अंकी कोणतीही संख्या घ्या. चारही अंक सारखे नसले म्हणजे झाले. तिच्या अंकांची मांडणी बदलून सर्वांत मोठी संख्या बनवा आणि सर्वांत लहानही बनवा. मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. आपण कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊ. १९०५ मधील अंकांपासून मोठी संख्या ९५१० आणि लहान ०१५९. वजाबाकी ९३५१. पुढे ९५३१ वजा १३५९ बरोबर ८१७२. मग ८७२१ वजा १२७८ बरोबर ७४४३. मग ७४४३ वजा ३४४७ बरोबर ३९९६. मग ९९६३ वजा ३६९९ बरोबर ६२६४. मग ६६४२ वजा २४६६ बरोबर ४१७६. सातव्या वेळी ७६४१ वजा १४६७ बरोबर ६१७४. आता ६१७४ चे अंक घेऊन पुन्हा करा. पुन्हा ६१७४ च येते. गाडी शेवटच्या स्टेशनवर पोहोचली, पुढे रूळच नाहीत!

कोणत्याही संख्येपासून निघा, सात वजाबाक्यांच्या आत, फार तर सातव्या वजाबाकीला, ६१७४ गाठावेच लागते. या संख्येला कापरेकरांचा स्थिरांक म्हणतात.

हे त्यांनी परिषदांत जाऊन सांगितले, छोट्या पुस्तिका स्वतःच्या खर्चाने छापल्या. जवळपासच्या महाविद्यालयांत त्यांना व्याख्यानाला बोलावत, आणि ते हौसेने जात. मुलांना ते फार आवडे. पण देशातल्या अनेक विद्वान गणितींना हे सारे पोरखेळ वाटले. बेरीज-वजाबाकीला का कुठे संशोधन म्हणतात, असा त्यांचा सूर होता. मला त्या विद्वानांचा फार राग येत नाही. त्यांच्या दृष्टीने मोठे गणित वेगळे होते, आणि कापरेकरांच्या सर्वच संख्यांमधून काही खोल निघाले असेही नाही. पण हसणाऱ्यांपैकी किती जणांनी कागद घेऊन ती वजाबाकी करून पाहिली असेल, असा प्रश्न मला पडतो.

कापरेकर १९६२ साली निवृत्त झाले. १९६६ साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. पेन्शनमध्ये भागेना, म्हणून म्हातारपणी त्यांना गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या कराव्या लागल्या. १९७५ साली मार्च महिन्यात अमेरिकेच्या सायंटिफिक अमेरिकन या मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्या संख्यांवर लिहिले. गार्डनर यांचे सदर जगभरातले गणितप्रेमी वाचत. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. १९३० पासून त्यांचे गाव देवळालीच राहिले होते, पण आता त्यांच्या वजाबाक्या दूरदेशी लोक करू लागले. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

मी त्यांच्या वजाबाकीकडे वळलो तो मात्र अगदी वेगळ्या कारणाने. माझ्या चुकीने.

नववीच्या वर्गात केवलमूल्य शिकवायचे होते. आपल्या उर्दूच्या गणितात याला मुतलक कीमत म्हणतात. संख्येच्या दोन बाजूंना दोन उभ्या रेघा ओढल्या की तिचे केवलमूल्य होते. |५| म्हणजे ५ आणि |−५| म्हणजेही ५. घाई होती, परीक्षा जवळ आली होती. मी वर्गाला सांगून टाकले की उभ्या रेघा दिसल्या की आतले उणे चिन्ह पुसायचे. मुलांना हे फार आवडले. पाठ करायला सोपे!

मग मी फळ्यावर |क्ष − ४| = ३ असे लिहिले. पहिल्या बाकावरच्या एका हुशार मुलीने लगेच रेघांच्या आतले उणे पुसून तेथे अधिक केले. क्ष अधिक ४ बरोबर ३, म्हणून क्ष बरोबर −१. तिने उत्तर इतक्या विश्वासाने दाखवले की मला बोलता येईना. मी −१ आत घालून पाहायला सांगितले. −१ वजा ४ म्हणजे −५, त्याचे केवलमूल्य ५. तीन नव्हे. ती गोंधळली. सरांनीच नियम सांगितला, तो पाळला, तरी उत्तर चुकले. तिने वही मिटली आणि पुढचे दोन दिवस गणिताच्या तासाला हात वर केला नाही.

चूक तिची नव्हती. केवलमूल्य म्हणजे उणे पुसणे नव्हे. केवलमूल्य म्हणजे अंतर. संख्यारेषेवर शून्यापासून −५ जितकी दूर, तितकीच ५ दूर. आणि |क्ष − ४| म्हणजे क्ष पासून ४ पर्यंतचे अंतर. झरीहून डहाणू जितके लांब, तितकीच डहाणूहून झरी लांब. आपण उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतो आणि मराठी डावीकडून उजवीकडे. पण ७ पासून ४ पर्यंत चालत जा की ४ पासून ७ पर्यंत या, पावले तीनच पडतात. अंतराला दिशा नसते, म्हणून त्याला उणे चिन्हही नसते.

हे सारे मी दुसऱ्या दिवशी सांगितले. मुलांनी माना हलवल्या. शिक्षकाला माना हलवण्याचा अर्थ कळतो. त्यांना काही समजले नव्हते.

त्या रात्री मला कापरेकर सरांची वजाबाकी आठवली. त्यांचा नियम काय आहे? नेहमी मोठीतून लहान वजा करायची. ४७ आणि ७४ या दोन संख्या घ्या. ७४ वजा ४७ बरोबर २७. उलट केले तर −२७ येईल, पण कापरेकरांच्या नियमात उलट करायचेच नाही. त्यांना अंतर हवे आहे, चिन्ह नको. म्हणजे ते प्रत्येक पायरीला केवलमूल्यच घेत होते, फक्त उभ्या रेघा न काढता!

उभ्या रेघांची खूण जर्मनीच्या कार्ल वायरश्ट्रास यांनी १८४१ साली एका लेखात वापरली. तेही पुढे अनेक वर्षे शाळेत शिक्षक होते. गणिताबरोबर त्यांना हस्ताक्षर आणि व्यायामही शिकवावा लागे. आपल्याकडेही गणिताच्या सरांकडे ड्रिलचा तास येतो, तेव्हा त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला चार अंकी संख्या दिल्या नाहीत, दोन अंकीच दिल्या. एक अंक ४ ठरवला. दुसरा अंक प्रत्येकाने आपल्या मनाचा घ्यायचा. दोन्ही अंकांपासून मोठी आणि लहान संख्या करून वजाबाकी करायची. कुणी ९ घेतला : ९४ वजा ४९, ४५. कुणी ६ घेतला : ६४ वजा ४६, १८. कुणी ० घेतला : ४० वजा ०४, ३६. ज्याने ४ च घेतला त्याचे शून्य आले, आणि वर्ग हसला. उत्तरे फळ्यावर ओळीने लिहिली. अंक ० पासून ९ पर्यंत घेतला तर वजाबाकी अशी येते : ३६, २७, १८, ९, ०, ९, १८, २७, ३६, ४५. सगळी नऊच्या पाढ्यातली. नऊने भागा, उरते ४, ३, २, १, ०, १, २, ३, ४, ५. हे काय आहे? दुसऱ्या अंकाचे ४ पासूनचे अंतर. म्हणजेच |क्ष − ४|.

नऊ का येतो तेही मुलांनी शोधले. ७४ मध्ये ७ दशक आहेत, ४७ मध्ये ४ दशक. दशकांत ३ चा फरक म्हणजे ३०. एककांत ३ चाच फरक, पण उलटा. म्हणून ३० वजा ३, म्हणजे नऊ त्रिक सत्तावीस.

मग मी आलेख कागद वाटले. आडव्या अक्षावर दुसरा अंक, उभ्या अक्षावर अंतर. दहा ठिपके पडले. आधी उतरण, ४ वर तळ, मग चढण. पट्टीने जोडल्यावर आमच्या वर्गातले सगळे एकदम ओरडले. आपल्या उर्दू पुस्तकांच्या पानांवर सातचा जो आकडा छापलेला असतो, हुबेहूब तोच आकार! आता अंक दहाच असल्यामुळे खरे ठिपकेही दहाच. पण क्ष म्हणजे कोणतीही संख्या घ्यायची असे ठरवले की मधली सगळी जागा भरते आणि दोन्ही बाहू वर वर जात राहतात.

साध्या |क्ष| चा आलेख काढला तर त्याचे टोक आरंभबिंदूवर असते. |क्ष − ४| चे टोक मात्र उजवीकडे ४ वर गेले. अर्ध्या वर्गाला वाटले होते की उणे आहे म्हणून ते डावीकडे जाईल. मी एवढेच विचारले की अंतर शून्य कधी होते. क्ष जेव्हा ४ असतो तेव्हा. मग टोक दुसरीकडे कसे असेल?

आणखी एक गोष्ट करून पाहा. उभ्या रेघांशिवाय क्ष − ४ चा आलेख काढा. ती सरळ रेषा आहे. क्ष शून्य असताना ती आडव्या अक्षाच्या खाली −४ वर असते, ४ पाशी अक्ष ओलांडते आणि वर जाते. आता आलेख कागद आडव्या अक्षावर दुमडा आणि उजेडात धरा. खालचा भाग वर येतो, −४ चे ४ होतात. रेघांच्या आतले चिन्ह आधी पुसायचे नाही. आधी वजाबाकी पूर्ण करायची, उत्तर खाली पडले तरच ते वर उचलायचे. मी पहिल्या दिवशी हेच सांगायला हवे होते.

त्या मुलीने आपल्या आलेखावर तीनच्या उंचीवर एक आडवी रेघ ओढली. मी सांगितले नव्हते. रेघेने आलेखाला दोन ठिकाणी छेदले, १ वर आणि ७ वर. तिने लगेच वजाबाक्या केल्या. ७४ वजा ४७, २७. ४१ वजा १४, २७. दोन्ही सारख्या. |क्ष − ४| = ३ या समीकरणाची दोन उत्तरे तिच्यासमोर होती, आणि तिने हात वर केला.

पुढचा प्रश्न तिचाच. चार अंकी संख्येत अंतरे किती असतात? मला उत्तर माहीत नव्हते, घरी जाऊन कागदावर मांडले. अंक मोठ्यापासून लहानापर्यंत लावले की फक्त दोन अंतरे महत्त्वाची ठरतात : पहिल्या व शेवटच्या अंकांतले, आणि मधल्या दोन अंकांतले. पहिल्या अंतराला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने, आणि बेरीज करा. १९०५ चे अंक ९, ५, १, ०. पहिले अंतर ९, दुसरे ४. ८९९१ अधिक ३६० बरोबर ९३५१. मघाशी आली तीच संख्या!

पहिले अंतर १ पासून ९ पर्यंत असू शकते, आणि दुसरे अंतर शून्यापासून पहिल्याइतके असू शकते. अशा जोड्या मोजा, ५४ भरतात. ०००० पासून ९९९९ पर्यंत चारही अंक सारखे नसलेल्या संख्या ९९९० आहेत. त्या सगळ्यांची पहिली वजाबाकी या ५४ उत्तरांपैकीच एक असते. एवढी मोठी गर्दी पहिल्याच दारातून जाताना इतकी कमी होते. म्हणूनच ६१७४ सात पावलांत गाठता येते. आणि ६१७४ चे अंक लावले तर ७, ६, ४, १. अंतरे ६ आणि २. ५९९४ अधिक १८० बरोबर ६१७४.

पण चोपन्नच्या चोपन्न उत्तरे ६१७४ लाच पोहोचतात याची खात्री कशी करायची? प्रत्येक करून पाहायची, दुसरा उपाय नाही. त्या मुलीने वहीची मागची पाने घेऊन ५४ ओळींचे कोष्टक आखले आहे. काल मधल्या सुट्टीत मी डोकावलो, तेव्हा तेविसावी ओळ चालू होती.